दुसरी वायसर

कळंबच्या फाट्यावर हिंदुराव मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याला पाटी नाही, कारण पाटीची गरज कधी पडली नाही. वालचंदनगरपासून सोमेश्वरनगरपर्यंत ऊस ओढणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल की इंजिनाचं दुखणं असेल तर हिंदुरावकडं न्या. मिस्त्री लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला लावायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. डोळे उघडले की निकाल. त्या निकालावर अपील नव्हतं. मालक आणि ड्रायव्हर यांच्यात वाजलं तरी दोघंही म्हणायचे, 'मिस्त्री सांगंल ते खरं.' चाळीस वर्षांत मिस्त्री एकदाही चुकला नाही असं लोक म्हणायचे. हिंदुरावही तसंच म्हणायचा, आणि लोकांपेक्षा जरा जास्त वेळा म्हणायचा.

आता, माणसाचा कान चाळीस वर्षं बरोबर निघाला की त्याला आपल्या तोंडाचाही भरवसा वाटायला लागतो. तिथंच घोडं पेंड खातं.

डिसेंबरात, कारखाने ऐन भरात असताना, दिग्विजय आपला ट्रक घेऊन आला. हा दिग्विजय तिशीचा गडी. वडिलांनी मागं ठेवलेला एक जुना ट्रक आणि त्या ट्रकवरचा जुना ड्रायव्हर, एवढा त्याचा कारभार. ड्रायव्हर म्हणजे पणदऱ्याचा गेणबा. एकोणीस वर्षं तो या एकाच गाडीवर होता. सीटवरची गोधडी त्याच्या बायकोनं, सारजानं शिवलेली. आरशाला बांधलेला लिंबू-मिरचीचा दोरासुद्धा त्यानं दर अमावास्येला स्वतः बदललेला.

"मिस्त्री," दिग्विजय उतरता उतरताच म्हणाला, "गाडी चारचं ॲव्हरेज देत हुती. दसऱ्यापासनं तीनच्या खाली आलीय. टाकी फुल्ल करून तीनदा मोजलं. आता तुमीच सांगा, गाडी पितीय का ड्रायव्हर पितोय?"

गेणबा खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटका होती. आता मिस्त्रीच्या दारात आलोय म्हटल्यावर खरं-खोटं होणारच, अशी.

"मिस्त्री, गाडी मिसिंग मारतीया," तो म्हणाला. "लोड घिऊन चढाला लागलं की येका सिलिंडरात दम न्हाय. चौथं असंल न्हाय तर पाचवं. काळा धूर बी सोडती. म्या मालकास्नी दोन म्हैनं सांगतूय. तुमी येकेक पाईप ढिला करून बघा, लगीच कळंल."

गेणबा सांगत होता ते सोळा आणे बरोबर होतं. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरकडं जाणाऱ्या डिझेलच्या पाईपचा नट सैल करायचा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिन बसकण मारतं, ते सिलिंडर जिवंत. ज्याचा केल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, ते मेलेलं. दहा मिनिटांचं काम, आणि गॅरेजात दोन वर्षं काढलेल्या कुणालाही येणारं. पण बाकड्यावर चार माणसं चहा पीत बसली होती, आणि त्यांच्या देखत एक ड्रायव्हर हिंदुराव मिस्त्रीला इंजिन कसं बघावं ते सांगत होता. ते एक मिस्त्रीला झोंबलं. दुसरं असं की या गाडीची सिलिंडरात डिझेल फवारणारी सहाही नोझलं दसऱ्याच्या तोंडावर हिंदुरावनंच आपल्या हातानं काढून बसवली होती. इंजिनात खोट निघाली तर ती कुणाची निघणार, हे बाकड्यावरच्या चौघांना सांगावं लागलं नसतं.

त्यानं पेचकस लावला आणि डोळे मिटले. गाडी जागेवर उभी, रिकामी, रेस नाही. अशा वेळी इंजिन डॉक्टरपुढं बसलेल्या आजाऱ्यासारखं उगाच शहाणं वागतं. तरीसुद्धा कुठंतरी एक बारीक ठेच त्याला ऐकू आली. आली म्हणजे आलीच, त्यात शंका नको. हिंदुरावनं डोळे उघडले.

"इंजिन ठणठणीत हाय," तो म्हणाला.

इथं थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण चौघंजण त्याच्या तोंडाकडं बघत होते, आणि माणसं बघायला लागली की मिस्त्रीच्या जिभेला खाज सुटायची.

"इंजिनापतुर पोचलं तर इंजिन ॲव्हरेज दील ना, दिग्विजयराव! डिझेल पणदऱ्यातच उतरतंय."

चौघं खो खो हसले. एकाच्या नाकात चहा गेला. पणदरं म्हणजे गेणबाचं गाव, आणि गाडीचा रस्ता तिथूनच जायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिग्विजय हसला नाही. त्यानं गेणबाकडं पाहिलं, आणि एकोणीस वर्षं त्या एका नजरेत संपली.

"मालक, आवं न्हाय," गेणबा म्हणाला. "मिस्त्री चेष्टा करत्यात. मिस्त्री, चेष्टा नगा करू, माझं प्वाट हाय ह्याच्यावर."

हिंदुरावनं चिंध्यांनी हात पुसले. हे वाक्य परत घ्यायला अजून वेळ होता, हे त्याला पक्कं कळत होतं. त्यानं हात पुन्हा एकदा पुसले.

गॅरेजच्या भिंतीला खंडोबाचा फोटो आणि त्याच्यापुढं पितळी वाटीत भंडारा असायचा. गेणबाची नजर तिकडं गेली. "म्या भंडारा उचलतो," तो म्हणाला. आपल्याकडं माणसाजवळ दुसरा पुरावा उरला नाही की तो भंडारा उचलतो, आणि खोटा उचलणाऱ्याचं वाटोळं होतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. गेणबा चपला काढून उभा राहिला. वाटी उंचावर होती, त्याचा हात पुरेना. तेव्हा हिंदुराव मिस्त्रीनं स्वतः ती खाली काढली आणि त्याच्यापुढं धरली.

"येक थेंब बी इकला असंल तर माझं हात झडत्याल," गेणबा म्हणाला आणि चिमूटभर भंडारा कपाळाला लावला.

दिग्विजय क्षणभर कचरला. मग त्यानं मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्री वाटी परत फोटोपुढं ठेवत होता.

"देवाचा निकाल देव दील," दिग्विजय म्हणाला. "गाडीचा मिस्त्रीनं दिलाय. चावी टाक."

गेणबानं चावी दिली. केबिनमधून आपला डबा आणि टॉवेल काढला. गोधडी काढायला हात घातला आणि ठेवून दिली. मग फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभा राहिला. एसटी चांगली तासभर आली नाही, आणि तो तासभर गॅरेजातल्या प्रत्येकाला समोर दिसत राहिला.

नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी गॅरेजातच ठेवायचं ठरलं. आलीच आहे तर ब्रेकचे लायनर टाकून घ्या, असं सांगून दिग्विजय गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकडं रिकामं होतं. हिंदुरावनं लायनर टाकले, हात धुतले, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, इंजिन चालू करून पाना घेतला. पहिल्या पाईपचा नट सैल केला, इंजिन बसलं. दुसऱ्याचा केला, बसलं. तिसऱ्याचा केला, बसलं. चौथ्याचा केला.

इंजिन होतं तसंच चालत राहिलं.

त्यानं चौथं नोझल बाहेर काढलं. काजळीनं काळंकुट्ट झालेलं. खाली तांब्याची वायसर, म्हणजे नोझलाखालची पातळ चकती, जागेवर होती. मग बॅटरी घेऊन त्यानं भोकात पाहिलं. तळाशी आणखी एक वायसर होती. जुनी, काळी पडलेली, भोकाला चिकटून बसलेली.

नोझल काढताना जुनी वायसर कधी कधी आतच चिकटून राहते. ती आकड्यानं उकरून काढायची आणि मगच नवी घालायची, हा या धंद्यातला पहिला धडा. दुसरी वर बसली की नोझल जागेपेक्षा वर उचललं जातं, फवारा भलतीकडं जातो, डिझेल नीट जळत नाही. मिसिंग, काळा धूर, ॲव्हरेज पडणं, सगळं त्या एका वायसरीचं. हिंदुरावला तो दिवस आठवला. उद्यावर दसरा, दारात पाच गाड्या, प्रत्येक मालकाला पूजेला गाडी दारात हवी. आणि आपण एका हातात नोझल अन् दुसऱ्या हातात फोन धरून कुणाला तरी सांगत होतो की, आपल्या हातनं चूक हुणं न्हाय.

त्यानं आकड्यानं ती वायसर उकरली. तळहातावर घेतली. एवढीशी, करंगळीच्या पेरात मावेल एवढी. तिच्यापायी एक माणूस काल तासभर फाट्यावर उभा होता.

फोन खिशात होता. दिग्विजयचा नंबर पहिल्या पाचात होता. 'चूक माझी हाय, गेणबाला बलवा,' एवढीच दोन वाक्यं. हिंदुरावनं फोन बाहेर काढलाही. पण बाकड्यावरचे ते चौघं त्याला दिसले. हेच चौघं आता पणदऱ्याच्या विनोदाऐवजी वायसरीचा विनोद सांगत हिंडतील, वालचंदनगरपासून सोमेश्वरनगरपर्यंत. गेणबाला काय, दुसरं स्टेअरिंग मिळेल. चांगला ड्रायव्हर आहे. आपलं नाव गेलं तर दुसरं कुठून आणायचं? अशी समजूत घालता घालता त्यानं फोन खिशात घातला आणि वायसर तंबाखूच्या डबीत टाकली. नीच माणसं फार विचार करून नीचपणा करतात असं आपल्याला वाटतं. हिंदुरावला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

चौथं नोझल एका वायसरीवर बसलं, आणि इंजिन गुळासारखं चालू लागलं.

दोन दिवसांनी नवा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला. आफताब त्याचं नाव, बारामतीचा, पंचविशीचा, गोड स्वभावाचा पोरगा. आठवड्यानं दिग्विजय पेढे घेऊन गॅरेजात हजर.

"मिस्त्री, मानलं! गेणबा उतरला आन् गाडी चारवर आली. वर चार थेंब जास्तीच!"

हिंदुरावनं पेढा तोंडात टाकला. त्यानं हे योजलं नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. गाडी बरी झाली एवढंच त्यानं केलं होतं. पण ज्या दिवशी ड्रायव्हर गेला त्याच दिवसापासून गाडी सुधारली, याहून मोठा पुरावा जगात कुठलं कोर्ट मागतं? गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. कारखान्यांच्या अड्ड्यांवर ट्रकांच्या रांगेत ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले, गेणबा उतरला आणि गाडी चारवर आली. भंडारा उचलूनसुद्धा खोटं बोलला, असंही सांगू लागले. पोराबाळांना सांगायला एक गोष्टच झाली.

गेणबाला स्टेअरिंग मिळालं नाही. ट्रकचं नाही, ट्रॅक्टरचं नाही, दुधाच्या टेम्पोचंसुद्धा नाही. पणदऱ्यातल्या बायका सारजाला पाणवठ्यावर विचारायच्या, काय गं, घरात रॉकेलचा वास येतो का डिझेलचा? एकोणीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस दोन महिने घराच्या ओट्यावर बसून होता.

मार्चच्या सुरुवातीला तो गॅरेजात आला. निम्मा झाला होता. हिंदुरावला वाटलं, कळलं याला. त्याचा हात तंबाखूच्या डबीवर गेला. पण गेणबा भांडायला आलाच नव्हता.

"मिस्त्री, येक इचारायचंय. म्या उतरल्यावर तुमी गाडीला काय केलं का?"

"ब्रेकचं लायनर टाकलं."

"बास?"

"बास."

गेणबा मान खाली घालून बसला. "मंग मला मिसिंग ऐकू येत हुतं, ते काय हुतं? रोज येत हुतं, मिस्त्री. म्या शपथेवर सांगतो. तुमचा कान हाय, तुमी खरं सांगा. मिसिंग हुतं का न्हवतं?"

हा माणूस नाव मागत नव्हता, नोकरी मागत नव्हता. आपल्याला ऐकू आलं ते खरं होतं एवढंच त्याला हवं होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. 'हुतं' असं म्हणायला हिंदुरावला एका अक्षराचाही तोटा नव्हता.

"न्हवतं," तो म्हणाला. "तुझा कान गेलाय, गेणबा. वय झालं."

गेणबानं बराच वेळ स्वतःचा कान चोळला. मग म्हणाला, "आसंल. तुमी म्हणताय म्हंजे आसंल." आणि थोड्या वेळानं, "डिझेल कुठं गेलं मंग? कधी कधी वाटतंय, म्याच इकलं का काय झोपंत."

हिंदुरावनं त्याला कामावर ठेवलं. सुटे भाग धुणं, नट काढणं, नोझल काढून देणं. दयेपोटी ठेवलं म्हणावं तर तसं नाही, आणि डोळ्यांपुढं ठेवलेला बरा म्हणून ठेवलं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. लोकांनी मात्र एकच अर्थ काढला. चोराला पदरात घेतलं, मिस्त्रीचं काळीज मोठं! सारजानं शेतातल्या वालाच्या शेंगा पाठवल्या. गेणबानं पहिल्या दिवशी मिस्त्रीचे पाय धरले. धुण्याचं डिझेल मात्र मिस्त्री सकाळी स्वतः ओतून द्यायचा आणि संध्याकाळी कॅन हलवून बघायचा. बघणाऱ्यांना ते रास्तच वाटायचं. खंडोबाचा भंडारा मात्र त्या डिसेंबरपासून मिस्त्रीनं एकदाही कपाळाला लावला नव्हता.

दसरा आला. पुन्हा दारात पाच गाड्या. त्यात दिग्विजयचा ट्रकही होता, वर्षाचं नोझलचं काम करायला. आफताब गाडीला झेंडूच्या माळा बांधत होता. त्यानं सारजाची गोधडी सीटवरून कधी काढली नव्हती. गेणबाला तो काका म्हणायचा, आणि येताना त्याच्यासाठी आठवणीनं खारी घेऊन यायचा. दिग्विजय बाकड्यावर बसला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं.

इंजिनावर वाकलेला गेणबा एकाएकी थांबला. त्याच्या हातात बॅटरी होती.

"मिस्त्री," त्यानं हाक मारली. "ह्या चौथ्याच्या भोकात जुनी वायसर ऱ्हायलीया. हिच्यावरच दुसरी घातली तर काय हुतंय?"

त्याला खरोखरच माहीत नव्हतं; आजवर तो नोझल नुसतं काढून द्यायचा, भोक साफ करून बसवायचा तो मिस्त्रीच. ड्रायव्हरला गाडीचं दुखणं कळतं, त्याचं मूळ कळतंच असं नाही. पण दिग्विजयनं चहाचा कप खाली ठेवला. तो मूर्ख नव्हता.

"व्हय मिस्त्री," तो म्हणाला, "दोन बसल्या तर काय हुतंय?"

हिंदुरावला सगळं एकदम दिसलं. मिसिंग येतं, असं म्हणावं, तर दिग्विजय विचारणार, काळा धूर येतो का? ॲव्हरेज पडतं का? गेल्या दसऱ्याला नोझल कुणी बसवलं हुतं? नुसतं 'काढ ती' म्हणावं, तर गेणबा विचारणार, का? आणि 'का' ला एकच उत्तर होतं, ते त्याच्या तंबाखूच्या डबीत होतं.

"काय हुत न्हाय," हिंदुराव म्हणाला. "तांबं मऊ असतंय. दाबून येकच हुतंय. बशीव."

"बशिवतो," गेणबा म्हणाला.

आणि त्यानं आपल्या हातानं दुसरी वायसर घातली, वर नोझल ठेवलं, आणि नट आवळले. एकेक नट, काळजीपूर्वक, शिकवलं होतं तसं. हिंदुराव बघत राहिला. नंतर गुपचूप काढू, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण पूजा झाली की गाडी कारखान्याच्या नंबराला, उसाच्या रांगेत लागणार होती. आणि मिस्त्रीचा हात लागून ही गाडी दुसऱ्यांदा सुधारली, तर दिग्विजयला दोन आणि दोन चार करता येत होते. ती वायसर आता कधीच निघणार नव्हती. दोन महिन्यांनी दिग्विजय फुल्ल टाकीचे हिशोब घेऊन येईल, आफताब म्हणेल मिसिंग मारतीय, आणि आपण पेचकस कानाला लावून काय म्हणणार, तेसुद्धा हिंदुरावला आत्ताच ठाऊक होतं. वाक्यात फक्त पणदऱ्याच्या जागी बारामती घालायची होती.

आफताबनं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आधी गेणबाकाकांच्या हातावर ठेवला, मग मिस्त्रीच्या. केबिनमध्ये चढून त्यानं गाडी सुरू केली. माळा हलवत ट्रक फाट्याच्या चढाला लागला, आणि मागून काळ्या धुराची एक गुठळी सुटली.

गेणबाचं डोकं झटकन वर झालं. खोबरं हातात तसंच राहिलं. त्याचा चेहरा क्षणभर उजळला, हरवलेलं काही सापडावं तसा.

"मिस्त्री! मिसिंग! चौथ्यात! ऐकलं का तुमी?"

दिग्विजय, बाकडं, सगळे हिंदुरावकडं वळले. हिंदुरावनं मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं, दाखवायला.

"तुझा कान, गेणबा," तो म्हणाला.

बाकडं हसलं. गेणबाही ओशाळून हसला. त्यानं खोबरं तोंडात टाकलं, हात पुसले आणि पुढच्या गाडीचं नोझल काढायला वाकला.